कातडीवरून काचपट्टीवर

माघ महिन्यातली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात उघड्या माळावर मेंढ्यांचा कळप चरतो आहे. त्यातली एक मेंढी मात्र चरायचे सोडून बाभळीच्या खोडाला अंग घासत उभी आहे. तिच्या खांद्यावरची लोकर झुपक्याझुपक्याने सुटली आहे आणि खाली पिवळसर खपल्या दिसत आहेत.

आता ऋतू बदला. भाद्रपद संपत आला आहे. त्याच जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका गोठ्यात, पावसाने सतत भिजलेले वासरू उभे आहे. त्याच्या पाठीवरचे केस पुंजक्यापुंजक्याने चिकटून त्यांच्या जाड खपल्या झाल्या आहेत.

तिसरे दृश्य सांगली शहरातले. एका घरातील सहा महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाचे डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केस गेले आहेत.

तिघांकडे पाहून कोणीही एकच शब्द उच्चारील : ‘लूत!’ मग उपायही एकच सुचतो. कोणी गाडीचे जळके ऑइल चोपडतो, कोणी शेजाऱ्याच्या जनावराला गुण आलेले इंजेक्शन आणतो, तर कोणी खाजेवरचे मलम लावतो. पण या तिघांचा रोग एकच आहे कशावरून? वरून सारखी दिसणारी कातडी आत काय लपवून बसली आहे, हे कळायचे कसे?

त्यासाठी त्या कातडीचा अगदी थोडासा अंश काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावा लागतो. या परीक्षेला पेशीपरीक्षा म्हणतात. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. मात्र तो अंश कसा घ्यायचा, यातच सारी मेख आहे. खरवडून घेतला तर एक दिसते, चिकटपट्टीने घेतला तर दुसरे, सुईने घेतला तर तिसरेच! आज आपण या वेगवेगळ्या रीतींची तुलना करणार आहोत.

दोन जिल्हे, दोन हवामाने

सातारा आणि सांगली हे एकेकाळी एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या टापूच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला माण, आटपाडी, जत हे तालुके. तेथे पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात आपण ओल्या मुलखातून कोरड्या मुलखात जातो.

कातडीच्या रोगांना हा फरक चांगला समजतो. सतत ओल्या राहणाऱ्या कातडीवर काही जिवाणू आणि बुरशी फोफावतात. थंडीत, जनावरे दाटीने एकमेकांना खेटून बसली, की खरजेचे किडे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सहज जातात. खिलार बैल, माडग्याळ आणि दख्खनी मेंढ्या, म्हशी, शेळ्या, राखणीची कुत्री असे नाना प्रकारचे पशुधन या दोन जिल्ह्यांत आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळ येथे १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव दिलेले आहे. नाना पाटलांचे गाव येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात येते. म्हणजे सांगलीच्या सुपुत्राचे नाव आणि साताऱ्याची भूमी! अशा महाविद्यालयांत भावी पशुवैद्यांना ज्या गोष्टी शिकाव्या लागतात, त्यांतलीच एक म्हणजे कातडीचा नमुना नीट घेणे.

कातडीचे मजले

नमुना घेण्यापूर्वी आपण कोठे हात घालणार आहोत, हे माहीत हवे. कातडी म्हणजे एखादी मजल्यांची इमारत आहे असे समजा. सर्वांत वरची गच्ची मृत, चपट्या पेशींची. कौले एकमेकांवर बसवावीत तशा त्या बसलेल्या असतात. या थराला शृंगस्तर म्हणतात. त्याखाली जिवंत पेशींचे थर. हे सारे मिळून बाह्यत्वचा होते. कुत्र्याच्या केसाळ भागावर ती एक मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही पातळ असते! तिच्याखाली अंतस्त्वचा. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि केसांची मुळे असतात. केस ज्या खोलगट नळीतून उगवतो तिला केशपुटक म्हणतात. ही नळी म्हणजे गच्चीवरून थेट खालच्या मजल्यापर्यंत गेलेली विहीरच.

आता या इमारतीतले भाडेकरू पाहा. मेंढीच्या अंगावरचा सोरोप्टेस नावाचा किडा गच्चीवरच, खपल्यांच्या ओलसर कडेला राहतो. सार्कोप्टेस हा खरजेचा किडा शृंगस्तरात आडवी बिळे खोदतो. डेमोडेक्स हा विड्यासारखा लांबट किडा केसाच्या विहिरीत डोके खाली करून बसतो. हे तिघेही कीटक नव्हेत, बरे का! प्रौढ अवस्थेत त्यांना आठ पाय असतात. ते गोचिडीचे आणि कोळ्याचे नातेवाईक आहेत. सोरोप्टेस अर्ध्या मिलीमीटरहून थोडा मोठा असू शकतो. डेमोडेक्सची लांबी एका मिलीमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. जिवाणू आणि यीस्ट तर याहून कितीतरी लहान.

राहण्याची जागा निराळी, तर शोधण्याची रीतही निराळी असणार हे उघड आहे. पण ही उघड गोष्ट समजायला माणसाला दीडशे वर्षे लागली!

टाचणीची गोष्ट

इटलीतील लिव्होर्नो गावी जोव्हान्नी कोसिमो बोनोमो हा वैद्य आणि द्याचिन्तो चेस्तोनी हा औषधे बनवणारा असे दोघे मित्र होते. गावातील गरीब बायका खरूज झालेल्या मुलांच्या हातांतून टाचणीच्या टोकाने काहीतरी पांढरे, बारीक टिपून काढतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी तो कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काय? तो कण चालू लागला! त्याला पाय होते. १६८७ साली बोनोमोने फ्रान्सेस्को रेडी या प्रसिद्ध शास्त्रज्ञाला पत्र लिहून खरजेचे कारण हा किडाच आहे असे कळवले. रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिल्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

तरीही मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही. त्यांनी रोग्यांची कातडी तपासली, पण किडा सापडेना. मग ‘किडा सापडत नाही, म्हणून किडा नाहीच’ असा निष्कर्ष निघाला. पुढे १८३४ साली पॅरिसमधील सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईने किडा काढून दाखवला. तो कॉर्सिका बेटावरचा. तेथील बायकांना किडा काढताना त्याने पाहिले होते. त्याचे रहस्य एवढेच होते, की डॉक्टर पुवाच्या फोडांत किडा शोधत होते आणि रेनुचीने तो बिळाच्या टोकाशी शोधला!

म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्रात दोष नव्हता. नमुना चुकीच्या जागेचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवून आता आपण नमुना घेण्याच्या मुख्य रीती पाहू.

पहिली रीत : खरवडणे

ही सर्वांत जुनी रीत. धार बोथट केलेल्या पात्यावर आणि कातडीवर द्रव पॅराफिन तेलाचा थेंब लावतात. मग केसांच्या दिशेने कातडी खरवडून निघालेला मळ काचपट्टीवर घेतात आणि वर आच्छादन काच ठेवतात.

यात दोन प्रकार आहेत. सार्कोप्टेससाठी उथळ पण मोठी जागा खरवडतात. विशेषतः कुत्र्याच्या कानाची कड आणि कोपर. डेमोडेक्ससाठी जागा लहान असली तरी चालते, पण खोल जावे लागते. कातडी चिमटीत दाबून विहिरीतला किडा वर ढकलायचा आणि रक्ताचे बारीक थेंब पाझरू लागेपर्यंत खरवडायचे. रक्त आले नाही तर आपण पुरेसे खोल गेलोच नाही, असे समजावे. मेंढीच्या सोरोप्टेससाठी चट्ट्याचा मधला भाग उपयोगाचा नाही. किडे खाऊनपिऊन पुढे सरकलेले असतात. चट्टा आणि निरोगी कातडी यांच्या सीमेवर ते सापडतात.

हे तेल लावलेले नमुने रंगवत नाहीत. कमी शक्तीच्या भिंगाने आणि प्रकाश थोडा मंद करून पाहतात. भरपूर प्रकाशात पारदर्शक किडे दिसेनासे होतात. शाळेत कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहताना तुम्हांला हा अनुभव आला असेल.

दुसरी रीत : चिकटपट्टी

कागद चिकटवायची पारदर्शक पट्टी घ्यायची, कातडीवर दाबायची, सोलायची आणि काचपट्टीवर चिकटवायची. झाले! जनावराला दुखत नाही, रक्त येत नाही. बोटांच्या बेचक्या, डोळ्यांजवळची जागा, ओठांची कड अशा ठिकाणी पाते नेणे धोक्याचे असते. तेथे पट्टी फार कामाची. माणसांतही लहान मुलांच्या सूत-जंतांची अंडी शोधण्यासाठी ही युक्ती १९४१ पासून प्रसिद्ध आहे.

पट्टीवर शृंगस्तराच्या पेशी, जिवाणू आणि यीस्ट चांगले येतात. मॅलॅसेझिया हे कुत्र्याच्या कातडीवरचे यीस्ट रंगवून पाहिले, तर भुईमुगाच्या दुदाणी शेंगेसारखे दिसते. काही जणांना त्यात गौरीच्या पावलांचा भास होतो. त्याच्या एका जातीचे नाव पॅकिडर्मॅटिस, म्हणजे ‘जाड कातडीचे’. कुत्र्याची कातडी कुठे जाड असते? पण ही जात १९२५ साली प्रथम वर्णिली गेली ती एका भारतीय गेंड्याच्या कातडीवरून, म्हणून हे नाव!

पट्टीची मर्यादाही स्पष्ट आहे. ती गच्चीवरचेच उचलते, विहिरीतले नाही. शिवाय रंगवताना काळजी घ्यावी लागते. रंगापूर्वी वापरले जाणारे मद्यार्कयुक्त द्रव पट्टीचा चिकट थर खराब करते, म्हणून ती पायरी गाळून थेट निळा रंग देतात.

तिसरी रीत : ठसा

जखम ओली असेल, फोड फुटला असेल किंवा खपली निघत असेल, तर काचपट्टीच तेथे दाबायची. शाईचा शिक्का कागदावर उमटावा तसा पेशींचा ठसा उमटतो. तो वाळवून रंगवायचा. या ठशात पू निर्माण करणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात आणि जिवाणूही दिसतात.

येथे एक बारकावा आहे. कातडीवर जिवाणू नेहमीच असतात. मग याच जिवाणूंनी रोग केला, हे कशावरून? तर ते पांढऱ्या पेशींच्या पोटात गेलेले दिसले, म्हणजे शरीर त्यांच्याशी लढते आहे, असा पुरावा मिळतो. नुसते बाहेर पडलेले जिवाणू हे वाटसरू असू शकतात.

चौथी रीत : बोळा

कानाच्या नळीत पाते, पट्टी किंवा काच जात नाही. तेथे काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा फिरवतात. मग तो काचपट्टीवर लोळवतात. लक्षात घ्या, घासत नाहीत, लोळवतात. घासले तर नाजूक पेशी फुटतात आणि दिसतात फक्त जांभळे फराटे.

पाचवी रीत : सुई

कातडीत किंवा तिच्याखाली गाठ आली असेल, तर वरून कितीही खरवडा, उपयोग नाही. तेथे बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात आणि काचपट्टीवर पसरतात. गाठ सुजेची आहे की कर्काचे स्वरूप घेत आहे, याची कल्पना त्यावरून येते. या रीतीचा दोष असा, की पेशी मिळतात पण त्यांची मांडणी कळत नाही. विटा हातात आल्या, पण भिंत कशी होती ते समजले नाही, अशी ही गत. भिंत पाहायची तर कातडीचा बारीक तुकडाच कापून घ्यावा लागतो.

या पाच रीतींच्या जोडीला केस उपटून पाहण्याची एक रीत आहे. केसाचे टोक मोडलेले असेल तर जनावर खाजवते वा चाटते आहे, असे कळते. मुळाशी डेमोडेक्स सापडू शकतो. गजकर्णाची शंका असेल तर चट्ट्याच्या कडेचे केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. केसातील केराटिन विरघळू लागते आणि केसाला चिकटलेले बुरशीचे गोल बीजाणू उघडे पडतात.

रंगाविना पेशी अदृश्य

जिवाणू, यीस्ट आणि पेशी रंगाशिवाय जवळजवळ दिसतच नाहीत. आपल्याकडील प्रयोगशाळांत लीशमनचा रंग पुष्कळ वापरतात. विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरने तो १९०१ साली तयार केला. यात मिथिलीन ब्ल्यू आणि इओसिन ही निळी आणि तांबडी रंगद्रव्ये असतात. पेशीचे केंद्रक आम्लधर्मी, म्हणून ते अल्कधर्मी निळा रंग धरून जांभळे होते. इतर काही भाग गुलाबी राहतात. म्हणजे रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेले आम्ल आणि अल्क येथे पेशी ओळखायला उपयोगी पडतात.

मग श्रेष्ठ रीत कोणती?

आता तुम्ही म्हणाल, ‘एवढ्या रीती सांगितल्या, पण पहिला नंबर कोणाचा?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. ‘विळा चांगला की खुरपे?’ असे शेतकऱ्याला विचारले, तर तो आधी विचारील, ‘काय करायचे आहे?’ तसेच येथे आहे.

तरीही एकाच कामासाठी दोन रीतींची तुलना करता येते. मात्र ती न्यायाने करावी लागते. जनावर तेच हवे, चट्टा तोच हवा, वेळ तीच हवी. आधी पट्टी लावायची आणि मग खरवडायचे. उलट केले तर पट्टीला काही शिल्लकच राहणार नाही. आणि काचपट्ट्या मोजणाऱ्याला कोणती कोणाची हे सांगायचे नाही, नाही तर त्याचे मन एकीकडे झुकते. अशाच प्रकारची तुलना ब्राझीलमधील संशोधकांनी डेमोडेक्स झालेल्या कुत्र्यांवर करून २०१२ साली प्रसिद्ध केली. कातडी चिमटीत दाबून लावलेली चिकटपट्टी ही खोल खरवडण्याच्या तोडीची ठरते, असे त्यांना आढळले. मौज पाहा! नुसती पट्टी विहिरीतले काढू शकत नाही. पण चिमटीने किडा वर ढकलला, की तीच पट्टी उपयोगी पडते.

आता थोडे गणित करू. कुत्र्याच्या अंगावर सार्कोप्टेस फार थोडे असू शकतात. त्यामुळे रोग असूनही खरवडीत किडा न सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. समजा, रोग असताना एका खरवडीत किडा सापडण्याची शक्यता १० पैकी ३ आहे. म्हणजे न सापडण्याची ०.७. दोन ठिकाणी खरवडले तर दोन्ही वेळा न सापडण्याची शक्यता ०.७ × ०.७ = ०.४९. पाच ठिकाणी खरवडले तर ती सुमारे ०.१७ एवढी खाली येते. एका खरवडीत शंभरांपैकी तीसच रोगी जनावरे ओळखता आली असती. पाच खरवडींत त्र्याऐंशी ओळखता आली! (यात प्रत्येक खरवड स्वतंत्र आहे, असे आपण गृहीत धरले आहे.)

पण उरलेल्या सतरांचे काय? तेथे पशुवैद्य फक्त काचेवर विसंबत नाही. तो कुत्र्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळतो. खरूज असलेला कुत्रा पुष्कळदा लगेच मागचा पाय हलवून खाजवल्यासारखे करतो. घरातल्या माणसांच्या अंगावर पुरळ आहे का, हेही तो विचारतो. सारी लक्षणे जुळली, तर किडा न सापडताही तो खरजेचे औषध देतो.

याची दुसरी बाजूही विसरू नका. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. तसेच सापडणे म्हणजे अपराधी असणेही नव्हे. मॅलॅसेझिया आणि काही जिवाणू निरोगी कातडीवरही असतात. चोरी झाली तेव्हा गल्लीत जो जो होता तो चोर ठरत नाही. त्यांची संख्या किती, पांढऱ्या पेशी आल्या आहेत का, जनावराला खाज आहे का, हे सारे मिळून निर्णय होतो. सार्कोप्टेसचे मात्र उलट आहे. त्याचा एक किडा किंवा एक अंडे सापडले तरी पुरे.

आपले तीन रोगी

आता माणच्या माळावर परत जाऊ. मेंढीच्या लोकरीच्या भागावर, चट्ट्याच्या कडेला खरवडले आणि तेथे सोरोप्टेस सापडले. धनगराच्या दृष्टीने ही बातमी एका मेंढीची नाही, साऱ्या कळपाची आहे. कळप रात्री वाघरीत दाटीने बसतो. एकाच मेंढीला औषध देऊन भागणार नाही; संपूर्ण कळपावर एकाच वेळी उपचार हवेत. चट्ट्याच्या मध्यभागी खरवडून ‘काही नाही’ असे म्हटले असते, तर गावोगाव फिरताना लूत कळपभर झाली असती. लोकर गेली असती आणि मेंढ्याही खंगल्या असत्या.

पाटणच्या वासरावर दोन संशय होते : गजकर्णाची बुरशी किंवा पावसात होणारा डर्मॅटोफिलस जिवाणूचा रोग. खपली उचलून तिच्या ओल्या, खालच्या बाजूचा ठसा घेतला आणि रंगवला. मिरज स्थानकातल्या रुळांसारख्या समांतर ओळींत मांडलेले गोल जिवाणू दिसले! ही डर्मॅटोफिलसची खूण. तो १९१५ साली आफ्रिकेतील काँगोत प्रथम वर्णिला गेला. त्यावर बुरशीचे औषध चालत नाही. प्रतिजैविक आणि कोरडा गोठा लागतो. तेथे बुरशी निघाली असती तर आणखी एक काळजी घ्यावी लागली असती. गजकर्ण वासरावरून माणसाला होते. वासराला कवटाळणाऱ्या मुलांच्या हातांवर गोल चट्टे उठतात, ते यामुळेच.

सांगलीच्या पिल्लाची कातडी दाबून खोल खरवडली, तेव्हा डेमोडेक्स मोठ्या संख्येने दिसले. समजा, तपासणी न करताच त्याला खाज दाबणारे स्टेरॉइड दिले असते, तर? स्टेरॉइडने शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते आणि डेमोडेक्सचे आणखी फावते. म्हणजे औषधानेच रोग वाढला असता. जळके ऑइल तर कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. जनावर ते चाटते, ते विष पोटात जाते, आणि काचपट्टीवर तेलकट काळे डाग पडून खरे कारण झाकले जाते.

एक मर्यादाही सांगायला हवी. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांना लम्पी त्वचारोगाने ग्रासले. गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. अंगभर गाठी आणणारा तो रोग विषाणूचा. विषाणूचे कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ठरवता येत नाही. त्यासाठी विषाणूचे डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करतात. म्हणजे रीत बदलली, तरी नियम तोच : काय शोधायचे ते आधी ठरवा.

करून पाहा

आजारी जनावराच्या कातडीला स्वतः पाते किंवा सुई कधीही लावू नका; ते पशुवैद्याचे काम. पण पुढील दोन प्रयोग वर्गात करता येतील.

१. स्वतःच्या धुतलेल्या, कोरड्या हातावर चिकटपट्टी दाबून सोला. काचपट्टीवर मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब ठेवून त्यावर ती पट्टी चिकटवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्याच जागी नव्या पट्ट्या लावून दहाव्या पट्टीवर किती पेशी येतात ते पाहा. कातडी लाल होऊ लागली तर थांबा. या पेशींत केंद्रक दिसते का? गालाच्या आतून स्वच्छ काडीने घेतलेल्या पेशींशी तुलना करा.

२. एका ताटात शाडूच्या मातीचा दोन सेंटिमीटर जाडीचा थर द्या. पृष्ठभागावर तीळ हलकेच दाबा, दोन-तीन मिलीमीटर खोल मोहरी दडवा आणि एका कोपऱ्यात एक सेंटिमीटर खोल चार-पाच तुरीचे दाणे पुरा. वरून हात फिरवून माती सारखी करा आणि थोडी सुकू द्या. हे सारे एका गटाने करायचे. ज्याला काहीच सांगितलेले नाही अशा दुसऱ्या गटाने चिकटपट्टी, चमच्याची कड आणि रिकाम्या बॉलपेनची नळी या तीन साधनांनी प्रत्येकी दहा वेळा नमुने घ्यायचे. तीळ, मोहरी, तूर कितीदा सापडली याचा तक्ता करा. ज्या गटाला तूर सापडली नाही, त्याने ‘ताटात तूर नाही’ असे लिहिले का? लिहिले असेल, तर त्याला पॅरिसच्या डॉक्टरांची गोष्ट पुन्हा सांगा.

पुढच्या वेळी खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत एखादे जनावर खांबाला अंग घासताना दिसले, तर ‘लूत आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. किडा असेल तर तो कोणत्या मजल्यावर असेल, आणि त्याला गाठायला कोणती रीत लागेल, याचा क्षणभर विचार करा. मग त्याच्या मालकाला सांगा, ‘काका, काही चोपडायच्या आधी डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.’